घरांतील अँटेना आणि आग्नेयेचा उपग्रह

टेबलावर ठेवावयाची लहानशी अँटेना विकत आणिली म्हणजे टेलिव्हिजनवर फुकट डिजिटल चित्र दिसूं लागेल, अशी पुष्कळांची समजूत असते. नांदेड व लातूर येथें ही समजूत पैसे वायां घालविणारी आहे. दोष अँटेनेचा नव्हे. विहिरींत पाणीच नसेल, तर पोहरा चांदीचा केला तरी तो रिकामाच वर यावयाचा.

जमिनीवरील मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शननें २०१६ सालीं सोळा शहरांत सुरू केलें. त्यांत महाराष्ट्रांतील मुंबई व औरंगाबाद (आतांचें छत्रपती संभाजीनगर) हीं दोनच होतीं. औरंगाबादेहून नांदेड आणि लातूर सरळ रेषेंत दोनशें किलोमीटरांहूनही दूर आहेत. या लहरी प्रकाशाप्रमाणें बहुतांशीं सरळ जातात. पृथ्वी गोल असल्यामुळें इतक्या अंतरावर त्या डोक्यावरून निघून जातात. ज्या जुन्या प्रक्षेपणासाठीं माळवदांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उभे असत, तेंही देशांत बहुतेक ठिकाणीं २०२२ पर्यंत बंद झालें. त्या चित्रांत मुंग्या दिसत, तरी माणूस ओळखूं येई. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ येतें, नाहीं तर त्याचे चौकोनी तुकडे होऊन तें पार नाहींसें होतें.

मग ज्या घरीं वडील माणसें सह्याद्री वाहिनीवरील बातम्यांची वाट पाहतात आणि दरमहा वर्गणी परवडत नाहीं, त्यांनीं काय करावें? डिसेंबर २००४ मध्यें सुरू झालेली दूरदर्शनची उपग्रह सेवा, हल्लींची डीडी फ्री डिश, त्यांच्या उपयोगीं पडते. डिश व सेट-टॉप बॉक्स एकदां विकत घेतला कीं मासिक आकार नाहीं. मात्र तिच्या लहरी भिंत, स्लॅब किंवा निंबाची दाट पालवी भेदून येत नाहींत; म्हणून डिश गच्चीवरच हवी.

उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशीं, सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. लातुराहून तो उत्तरेपासून पूर्वेकडे १३६ अंशांवर, तर नांदेडहून १३८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आग्नेयेस येतो. ही दिशा गृहिणींना सांगावयास नको. स्वयंपाकघर त्याच कोपऱ्यांत असावें असा आपल्याकडील संकेत आहे. क्षितिजापासून त्याची उंची दोन्हीं गांवीं ६१ अंश. येथें नवखा मनुष्य हटकून फसतो. दांडा खालच्या कडेस असलेल्या डिशचें तोंड वीस-पंचवीस अंश अधिक खालीं दिसतें. तें खालीं आहे असें समजून वर उचललें, कीं चित्र गेलेंच.

दिशा पडताळण्याची एक बिनखर्ची युक्ति आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत आणि ऑक्टोबरच्या आरंभीं, सकाळीं अकराच्या सुमारास, सूर्य या उपग्रहाच्या बरोबर मागें येतो. त्या वेळीं डिशच्या जागेवर ऊन पडत असेल, तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. गच्चीच्या कठड्याची किंवा झाडाची सावली पडत असेल, तर जागा बदलावी. त्याच दिवसांत सूर्याच्या प्रखरतेनें चित्र कांहीं मिनिटें जातेंही. तेवढ्यासाठीं बॉक्स दुरुस्तीस नेऊं नये.

डिश फिरवितांना पडद्यावरील दोन पट्ट्यांपैकीं 'स्ट्रेंग्थ' पेक्षां 'क्वालिटी' कडे पाहावें. ही दुसरी पट्टी जेथें सर्वांत भरेल, तेथेंच बोल्ट आवळावे. काठावर सोडलेली डिश मृगाच्या पहिल्याच जोरदार सरींत बंद पडते.