राज्यसंस्थेचा उगम : उपपत्तींचा कलह आणि त्याचा बोध

नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यसंस्थेच्या उगमाचा प्रश्न आला की आपल्याकडे बहुधा एक ठरीव क्रम चालतो. दैवी उपपत्ती, सामाजिक कराराची उपपत्ती, बलप्रयोगाची उपपत्ती आणि पितृसत्ताक कुटुंबाची उपपत्ती अशी चार नावे फळ्यावर लिहावयाची, प्रत्येकीचे दोन गुण व दोन दोष सांगावयाचे आणि शेवटी 'उत्क्रांतीची उपपत्ती हीच ग्राह्य' असे म्हणून धडा मिटावयाचा. परीक्षेच्या दृष्टीने ही रीत सोयीची आहे यात शंका नाही. परंतु थोर विचारवंतांनी दोन हजारांहून अधिक वर्षे ज्या प्रश्नाचा ध्यास घेतला, त्याचे उत्तर 'सगळ्यांचेच थोडे थोडे खरे' एवढेच असेल काय, ही शंका चौकस विद्यार्थ्याच्या मनात राहतेच. त्या शंकेचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या उपपत्ती केवळ ग्रंथांत राहतात असे नाही. आपल्या भाषेने त्या केव्हाच पोटात घेतल्या आहेत. 'बळी तो कान पिळी' या म्हणीत बलप्रयोगाची उपपत्ती आहे. 'मायबाप सरकार' या संबोधनात राजा हा कुटुंबप्रमुख आणि प्रजा ही त्याची लेकरे, हा पितृसत्ताक विचार आहे. 'पाचांमुखी परमेश्वर' या दोन शब्दांत तर लोकसंमती आणि दैवी अधिकार यांची गाठच मारलेली आहे. एकच मनुष्य कचेरीत मायबाप सरकारला अर्ज करतो, बाहेर येऊन बळी कान पिळतो असे म्हणतो आणि सायंकाळी पंचांचा निवाडा परमेश्वराचा म्हणून मान्य करतो. त्यात त्याला विसंगती वाटत नाही. कारण प्रत्येक वचन निराळ्या प्रसंगी निराळ्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

आमच्या मते विद्वानांच्या उपपत्तींचेही असेच आहे. 'राज्य कसे निर्माण झाले?' हा एक प्रश्न आणि 'राज्याची आज्ञा आम्ही का पाळावी?' हा दुसरा. पहिला इतिहासाचा, दुसरा नीतीचा. हे दोन प्रश्न एकाच पोशाखात वावरल्यामुळे या विषयात पुष्कळ घोटाळा माजला आहे.

आपल्या प्राचीन वाङ्मयापासूनच आरंभ करू. ऐतरेय ब्राह्मणात अशी कथा आहे की देव आणि असुर यांचे युद्ध होऊन देवांचा वारंवार पराभव झाला. आपल्याला राजा नाही म्हणून आपण हरतो, असे देवांच्या ध्यानी आले आणि त्यांनी सोमाला राजा केले. येथे राजपद युद्धाच्या गरजेतून जन्मते. महाभारताच्या शांतिपर्वातील कथा याहून बारकाईची आहे. अराजकात मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी लोकांची स्थिती झाली. तेव्हा त्यांनी प्रथम आपसांत नियम ठरविले आणि ते मोडणाऱ्यास समाजाबाहेर घालविण्याचे योजिले. पण नियम पाळवून घेणारा कोणी नसल्याने ते टिकेनात. मग लोक ब्रह्मदेवाकडे गेले व त्याने मनूला राजा नेमले. मनू मात्र नाखूष! माणसांवर राज्य करणे म्हणजे पापात हात घालणे, असे त्याला वाटत होते. तेव्हा लोकांनी पशू व सुवर्ण यांचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग देऊ केला, आपल्या पुण्याचा चौथा हिस्सा कबूल केला आणि पाप करील त्याचे त्याला लागेल असे आश्वासन दिले. हा सौदा झाल्यावर मनू राजी झाला.

ही कथा दैवी उपपत्तीत बसवावी की करारात? राजा देवाने दिलेला, पण अटी लोकांनी ठरविलेल्या. चार कप्प्यांची आपली मांडणी येथेच अपुरी पडते.

बौद्धांच्या दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात देवाला जागाच ठेवलेली नाही. तेथे भाताच्या शेतांची वाटणी होते, वाटणीनंतर चोरी येते, चोरीमागून खोटेपणा व दंड येतात. मग लोक एकत्र जमून आपल्यातील एका योग्य पुरुषाची निवड करतात, दंड करण्याचे काम त्याच्यावर सोपवितात आणि त्याबद्दल त्याला भाताचा वाटा देतात. बहुतांनी संमत केलेला म्हणून तो 'महासम्मत'. जन्माने श्रेष्ठत्व सांगणाऱ्यांचा दावा खोडण्यासाठी भगवान बुद्धांनी ही कथा सांगितली आहे, हे विसरता कामा नये. राजाही इतरांसारखाच माणूस, हा तिचा रोख आहे.

सर्वांत मार्मिक प्रसंग कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळतो. प्रजेतील असंतोष शमविण्यासाठी हेरांनी तीर्थक्षेत्री, सभांत व लोकसमुदायांत जाऊन खोटा वाद घालावा, असे तेथे सांगितले आहे. एकाने म्हणावे की राजा गुणी म्हणून ऐकतो, पण दंड व कर यांनी लोकांना पीडितो. दुसऱ्याने उत्तर द्यावे की मात्स्यन्यायाने पीडलेल्या लोकांनीच वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा व विक्रीच्या मालाचा दहावा भाग त्याला ठरवून दिला. शिवाय राजे हे इंद्र व यम यांच्या स्थानी असतात, असेही त्याने सुनवावे! कराराची उपपत्ती आणि दैवी उपपत्ती दोन्ही एका दमात, आणि तीही गुप्तहेराच्या तोंडून. राज्याच्या उगमाची कथा कोण सांगतो आणि कशासाठी सांगतो, हे पाहिल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हीच कसोटी पाश्चात्त्य विचारवंतांना लावून पाहावी. इंग्लंडात यादवी युद्ध माजून १६४९ साली राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर दोन वर्षांनी हॉब्जचा 'लेव्हायथन' प्रसिद्ध झाला. यादवीहून कोणतेही राज्य बरे, हे त्याला पटवावयाचे होते; म्हणून त्याच्या करारात लोक आपले अधिकार सार्वभौमाच्या हवाली करतात. लॉकला अनियंत्रित राजसत्तेला लगाम घालावयाचा होता. म्हणून त्याच्या करारात जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांचे रक्षण न करणाऱ्या सत्तेला दूर सारण्याचा अधिकार प्रजेकडे राहतो. रूसोच्या १७६२ सालच्या ग्रंथात लोकच सार्वभौम होतात. करार एकच, पण निष्कर्ष तीन. तेव्हा हे तिघे जे सांगत होते ते घडलेल्या घटनेचे वृत्त नव्हते. आज्ञापालनाच्या अटींचा तो विचार होता. असा मूळ करार कोणत्या इतिहासात नोंदला आहे, बहुतेक राज्ये तर जिंकून वा बळकावूनच उभी राहिली, असा आक्षेप ह्यूमने १७४८ मध्येच घेतला. इतिहास म्हणून करारवाद त्या आक्षेपापुढे टिकत नाही. नीती म्हणून मात्र त्याचे बळ कमी होत नाही.

एकोणिसाव्या शतकापासून पहिल्या, म्हणजे इतिहासाच्या प्रश्नाकडे विद्वानांचे लक्ष अधिक वळले. मॉर्गनच्या १८७७ सालच्या संशोधनाचा आधार घेऊन एंगल्सने १८८४ मध्ये असे मांडले की खाजगी मालमत्तेमुळे समाजात वर्ग पडले आणि वरच्या वर्गाच्या हितरक्षणासाठी राज्य जन्मले. ओपेनहायमरने विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितले की पशुपालक टोळ्यांनी शेतकऱ्यांना जिंकले, आणि लूट करण्यापेक्षा दरसाल खंडणी घेणे किफायतीचे आहे हे त्यांना उमगले, तेव्हा राज्य उभे राहिले. विटफोगेलने १९५७ मध्ये मोठमोठ्या कालव्यांच्या व्यवस्थेत राज्याचे मूळ पाहिले. पण मेसोपोटेमियात आरंभीचे पाटबंधारे लहान व स्थानिक होते आणि मोठे कालवे राज्ये स्थिरावल्यावर आले, असे पुढील उत्खननांतून व पाहणीतून दिसून आले. कार्य हेच कारण समजले गेले होते.

१९७० मध्ये कार्नेरो या मानववंशशास्त्रज्ञाने एक साधा पण मर्माचा प्रश्न विचारला. लढाया तर सर्वत्र झाल्या; मग राज्ये सर्वत्र का झाली नाहीत? ॲमेझॉनच्या अरण्यात हरलेले गाव उठून दुसरीकडे वस्ती करी. पेरूच्या किनाऱ्यावरील अरुंद खोऱ्यांत मात्र एका बाजूस समुद्र, दुसरीस पर्वत आणि दोन खोऱ्यांमध्ये वाळवंट. तेथे पराभूतांना पळावयास वाट नव्हती. खंडणी देऊन राहणेच भाग होते. अलीकडे, २०१७ मध्ये, जेम्स स्कॉट यांनी धान्याकडे लक्ष वेधले. गहू, सातू, भात ही पिके जमिनीवर दिसतात, एकाच वेळी पिकतात, मोजता येतात व साठविता येतात. म्हणून त्यांवर कर बसविणे सोपे. जमिनीखालच्या कंदांवर अधिकाऱ्याची दृष्टी इतक्या सहज पोहोचत नाही. उरुक येथील सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या मृण्मय पाट्या पाहिल्या तर हा विचार पटू लागतो. जगातील त्या आद्य लेखनात प्रार्थना वा काव्य नाही. बहुतेक नोंदी धान्य, मद्य व जनावरे यांच्या हिशोबाच्या आहेत.

तरीही एकच कारण पुरे पडत नाही, हे आपल्या दख्खनच्या भूमीनेच दाखविले आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील ही शेतकऱ्यांची वस्ती. तेथे सातूचे पीक होते, पाणी वळविण्यासाठी बांध व पाट होता, पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. ते घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. धान्य, पाटबंधारे, कोठार, म्होरक्या, सर्व काही आहे. पण राज्य नाही. कौटिल्याची सप्तांगे घेऊन पाहिले तर कोशाचा अंकुर दिसतो, अमात्य व दंड दिसत नाहीत. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान रुक्ष होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान वाटोळ्या झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली. लोकांना उठून जाता आले, यातच राज्य न होण्याचे एक कारण असावे, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

आता अगदी निराळ्या प्रकारचे उदाहरण. आद्य राज्य आणि आधीच्या राज्याच्या छायेत उभे राहिलेले राज्य यांत भेद केला पाहिजे. आमच्या माळव्यातील मराठी राज्ये दुसऱ्या प्रकारची. १७२८ च्या अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव झाला. चौथाईची वसुली करीत होळकर, शिंदे, पवार या सरदारांचे पाय येथे रोवले गेले. माळव्याची नायब सुभेदारी पेशव्यांकडे आल्याचे बादशाही फर्मान १७४१ चे. म्हणजे घोडे आधी आले, वसुली मागून आली आणि कागद शेवटी आला. उगमापुरते पाहिले तर ओपेनहायमरच्या बाजूने याहून चोख साक्ष मिळणार नाही. पण १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी ज्या रीतीने राज्य चालविले, त्यामुळे या भागातील लोकांच्या मनात त्या राज्याविषयी जो आदर रुजला, त्याची उपपत्ती अमझेऱ्याच्या रणांगणात सापडत नाही. राज्य तरवारीने आले. त्याचा मान न्यायाने मिळाला.

येथे आमच्या मुद्द्याचे सार आहे. उगमावरून अधिकार सिद्ध होत नाही आणि उगमावरून तो रद्दही होत नाही. राज्य बळातून जन्मले म्हणून बळ हाच न्याय, असे म्हणणारा चुकतो. ते संमतीतून जन्मले म्हणून त्याचे सर्व हुकूम संमतच, असे म्हणणाराही तितकाच चुकतो. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी लोकांच्या नावे स्वीकारली गेली. ज्या घटना समितीने ती केली, तिचे प्रांतांतील सभासद मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या विधिमंडळांनी पाठविलेले होते. प्रत्येक नागरिकाने तिच्यावर सही केलेली नाही. तरीही ती आपली आहे. कारण १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रौढ मताधिकाराने ती संमती पुनःपुन्हा मागितली जात आली आहे. करार मागे कधी झाला की नाही, यापेक्षा तो आज पाळला जातो की नाही, हे नागरिकाने पाहावयाचे.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची एवढीच सूचना आहे की 'उत्क्रांती' या शब्दाने हा धडा मिटवू नये. उत्क्रांती हे कारण नव्हे. कारणांचा शोध थांबविण्याला दिलेले ते सभ्य नाव आहे. प्रत्येक उपपत्ती समोर येताच विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावे: ही कथा घडलेले सांगते की असावे ते सांगते? ती कोणी, कोणत्या प्रसंगी सांगितली? आणि तिच्यामुळे कोणाची सत्ता बळकट होते? हे विचारावयास शिकलेला मुलगा परीक्षेत कदाचित चार ओळी कमी लिहील, पण मायबाप सरकारपुढे हात जोडण्यापूर्वी क्षणभर विचार करील.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. राज्याचे मूळ मात्र अवश्य विचारावे. फक्त पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे ज्या घाटावर आपण उभे आहोत तेथेच तपासावे.