खुकरीच्या पाठीवरची अक्षरे

आमच्या भाचीचा नवरा अमेरिकन. जुन्या शस्त्रांचा शौकीन. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो, तेव्हा त्याने दीड फुटी खुकरी माझ्या हाती ठेवली आणि शिकवलेल्या मराठीत म्हणाला, "मामा, वाचा!"

काठमांडूच्या लगन सिलेखान्यात नेपाळी फौजेची जुनी शस्त्रे साठून होती. २००३ साली ती दोन अमेरिकन कंपन्यांनी विकत घेतली. बंदुका तर होत्याच, शिवाय ढिगाने खुकऱ्या. त्यांतलीच ही, कुणा गोरखा शिपायाची. वाकडे, जाड पाते, मुठीपाशी खाच. अशा खुकरीच्या म्यानात आणखी दोन चिमुकली हत्यारे असतात: बारीकसारीक कापायला करदा आणि धार लावायला चकमक. (उपसली की तिला रक्त पाजावेच लागते, ही निव्वळ दंतकथा. शिपाई तिने लाकडेही तोडतो.)

अशा खुकऱ्यांच्या पाठीवर पलटणीच्या खुणा, आकडे कोरलेले आढळतात, आणि तेही देवनागरीत! मी चष्मा पुसून सरसावलो. पण पाते आरशासारखे लखलखत होते. जावईबापूंनी गंज म्हणून काचकागदाने घासले होते. ते ओरखडे म्हणजे अक्षरे, हे त्याला मागाहून कळले. खरे तर तेल लावून गंज हळूच पुसायचा. पण मी कोण बोलणार? पणजीचे नाव घातलेले आमचे पातेले मोडीत गेले, तेव्हा मी घरातच होतो.

"पलटण कुठली?" त्याने विचारले.

'श्री ३' एवढेच उरले होते. ती राणा पंतप्रधानांची पदवी. शिपायाचे जे काही होते, ते त्यापुढे होते.