शिंगराचे शिक्षण : आधी स्वभाव, मग लगाम

रस्त्यांवरील टांगा जवळजवळ दिसेनासा झाला, तरी घोडा आपल्या पशुपालकांच्या दारातून पार गेलेला नाही. मेंढ्यांचे कळप घेऊन दख्खनच्या पठारावर फिरणाऱ्या धनगर बांधवांचा संसार आजही तट्टाच्या पाठीवर हालतो. माथेरानसारख्या गिरिस्थानी अनेक कुटुंबांची चूल घोड्यावरच पेटते. लग्नाच्या वरातींसाठी घोडी बाळगणारे गावोगाव आहेत. मार्गशीर्षात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडे व नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील यात्रांतून घोड्यांचे मोठे व्यवहार होतात. दख्खनच्या भीमथडी घोड्याला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. मात्र देशातील घोडे व तट्टे यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६ लाख २५ हजार होती, ती २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. अशा वेळी दारात जन्मलेले प्रत्येक शिंगरू हे मोलाचे धन समजले पाहिजे.

या धनाची सर्वांत मोठी हानी रोगाइतकीच चुकीच्या शिक्षणाने होते. बुजरा, चावरा किंवा लाथाळ घोडा बाजारात निम्म्या किमतीलाही कोणी घेत नाही. शिवाय त्याच्यापायी घरच्या माणसाचा हातपाय मोडतो तो निराळाच. असे जनावर 'मूळचेच खोडीचे' असे आपण म्हणतो. परंतु बारकाईने पाहिल्यास बहुतेक खोडी माणसाने नकळत शिकविलेल्या असतात, असे आढळून येईल. त्या टाळावयाच्या तर घोड्याचा स्वभाव प्रथम समजून घेतला पाहिजे.

पळणे हेच त्याचे शस्त्र

घोडा हा मोकळ्या माळरानावर कळपाने राहणारा, गवत खाणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. हिंस्र पशूंपासून तो लाखो वर्षे वाचला तो केवळ वेळीच पळाल्यामुळे. म्हणूनच शिंगरू जन्मल्यावर साधारणपणे तासा-दोन तासांत उभे राहते आणि लवकरच आईबरोबर धावू लागते. मोठा घोडा पायांचे सांधे अडकवून उभ्यानेच डुलकी घेतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते, आणि जागा सुरक्षित वाटली तरच तो आडवा होतो.

तेव्हा कागदाचा कपटा उडाला म्हणून घोडा बुजतो, हा त्याचा मूर्खपणा नव्हे. आधी पळावे आणि मग वळून पाहावे, हा त्याच्या रक्तातील नियम आहे. अशा वेळी चाबूक ओढल्यास, 'कागद दिसला की अंगाला आग लागते' एवढेच त्याच्या ध्यानात राहते आणि पुढच्या खेपेस तो दुप्पट बुजतो.

त्याचे डोळे, कान आणि कातडी

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. परंतु कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या नेमकी मागची जागा त्याला दिसत नाही. घोड्याच्या मागून जाऊ नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण याच कारणाने शास्त्रशुद्ध ठरते. न दिसणाऱ्या जागेतून अंगाला स्पर्श झाला की तो लाथ झाडणारच. म्हणून नेहमी खांद्याच्या दिशेने, हलक्या आवाजात बोलत जावे. मागे जाणे भागच असेल तर पाठीवरून हात न उचलता अंगालगत सरकावे.

उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याची नजर सरावण्यास माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. तबेल्याच्या किंवा वाहनाच्या अंधाऱ्या दारापाशी तो अडतो त्याचे हे एक मोठे कारण आहे. तेथे ढकलाढकली न करता दार पूर्ण उघडावे, आत उजेड करावा आणि त्याला क्षणभर पाहू द्यावे. एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू फिरवून ठेवली तर ती त्याला पुष्कळदा नवीच वाटते. यासाठी प्रत्येक गोष्ट डावीकडून व उजवीकडून, दोन्ही अंगांनी दाखवावी व शिकवावी.

कान हे त्याच्या मनाचे आरसे होत. ते पुढे रोखलेले असल्यास त्याचे लक्ष समोर आहे, मागे घट्ट चिकटविलेले असल्यास तो रागावला आहे, असे समजावे. डोळ्यांचे पांढरे दिसणे, नाकपुड्या फुगणे, शेपूट आवळणे ही भीतीची चिन्हे होत. मान खाली सोडून तो तोंड चावल्यासारखे हालवू लागला व दीर्घ श्वास सोडला, की ताण उतरत असल्याचे ओळखावे. त्याची कातडी तर अंगावर बसलेली माशीही जाणते. ज्याला माशी कळते त्याला टाचेचा हलका स्पर्शही कळतोच. कळत नसेल तर आपणच त्याला बधिर केले आहे.

माणसाचे मन घोडा वाचतो

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात 'हुशार हान्स' नावाच्या घोड्याने मोठी खळबळ उडविली होती. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी कसून तपासणी केली, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. उत्तराचा आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात व मानेत नकळत सूक्ष्म फरक पडे, आणि तो पाहून घोडा थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुके. घोड्याला गणित येत नव्हते. माणूस मात्र त्याला पुरता वाचता येत होता.

स्वीडनमध्ये झालेला व २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही असाच उद्बोधक आहे. घोडा धरून चालणाऱ्यांना एका फेरीस सांगण्यात आले की, आता समोर छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही वाढले. राग किंवा भीती मनात घेऊन शिंगराजवळ गेल्यास ती त्याला त्वरित कळते, हाच याचा बोध. ग्रीक ग्रंथकार झेनोफन याने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी अश्वविद्येवर लिहिताना, घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असेच बजावले होते.

शिकविण्याचे मर्म : ढील वेळेवर द्या

घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. दोर हलका ताणला, शिंगराने एक पाऊल पुढे टाकले, की त्याच क्षणी दोर ढिला पडला पाहिजे. 'पाऊल टाकले म्हणून सुटका झाली' हा संबंध त्याला तात्काळच कळतो. पाऊल टाकल्यावरही ताण कायम राहिला, तर आपण नेमके काय केले असता सुटका होते हे त्याला उमगत नाही. मग तो अंग ताणून झुंजू लागतो. उलट, त्याने हिसका दिला असता घाबरून दोर सोडला, तर हिसका हाच सुटकेचा मार्ग म्हणून तो पक्का शिकतो. बहुतेक खोडींचा जन्म या दोन चुकांतून होतो.

शाबासकी द्यावयाची असल्यास मानेवर जोराने थापटू नये. घोडे एकमेकांना आयाळीच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यावर दातांनी खाजवितात. त्या जागी बोटांनी खाजविल्यास हृदयाचे ठोके मंदावतात, असे मोजमापाने दिसून आले आहे.

पायरीपायरीने शिक्षण

१. पहिले सहा महिने : शिंगरू आईजवळ असतानाच रोज थोडा वेळ अंगावर हात फिरवावा, चारही पाय क्रमाने उचलून पाहावे. पुढे नालबंदाला त्रास पडत नाही.

२. आईपासून तोडल्यावर : एकटे कोंडू नये. कळपाविना घोडा अस्वस्थ राहतो. दुसरे शांत जनावर दृष्टीसमोर असावे. याच काळात दोराने चालणे, थांबणे, मागे सरणे शिकवावे.

३. दोन वर्षांपर्यंत : वाहने, वाजंत्री, पाण्याचा ओढा यांची ओळख दुरून करून द्यावी. शिंगरू शांत राहील तेवढ्याच अंतरावर थांबावे आणि रोज थोडे जवळ जावे. वरातीसाठी तयार करावयाच्या घोड्यास तर हा सराव अत्यावश्यक आहे.

४. खोगीर व लगाम : खोगीर आधी हुंगू द्यावे, मग पाठीवर ठेवावे. तंग एकदम आवळू नये. लगाम घालण्यापूर्वी दात जाणत्याकडून तपासून घ्यावेत; तोंडातील दुखण्यामुळेही घोडा डोके झाडतो.

५. स्वारी व ओझे : मधले दुधाचे दात पडून पक्के दात साधारण अडीच वर्षांच्या सुमारास येतात. ते दिसले म्हणजे हाडे पक्की झाली असे नव्हे. तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पाठीवर माणूस बसवू नये. पाठीच्या कण्याची वाढ त्यानंतरही दोन-अडीच वर्षे चालू असते, म्हणून आरंभी भार हलका व वेळ थोडा ठेवावा.

प्रत्येक धडा पंधरा-वीस मिनिटांचाच असावा आणि घोड्याला जमलेल्या गोष्टीवर संपवावा. शिकलेला घोडा एकाएकी अडू लागल्यास चाबूक शोधण्यापूर्वी खूर, पाठ आणि तोंड पाहावे व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

घोड्याची स्मरणशक्ती दीर्घ असते. आज दिलेला मार तो वर्षानुवर्षे विसरत नाही, तसेच आज दिलेला विश्वासही विसरत नाही. यंदा ज्यांच्या दारी शिंगरू आहे त्यांनी एवढे तरी अवश्य करावे : रोज पंधरा मिनिटे काढावीत, हातात मऊ दोर घ्यावा, आणि शिंगराने पहिले पाऊल उचलताच तो ढिला सोडावा.