पाहुण्यांच्या खोल्या आणि शेजाऱ्यांची विहीर

पाहुणा आला की आपल्या घराला आनंद होतो. पण पैसे देऊन राहणारा पाहुणा ही आता गावाची नवी कमाई झाली आहे. कोकणात हे फार दिसते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले या बाजूला समुद्र पाहायला माणसे येऊ लागली. लोकांनी घरच्याच दोन खोल्या नीट केल्या. पाहुण्यांना मासळीचे जेवण आणि सोलकढी वाढली. घरात चार पैसे आले. हे चांगलेच झाले. पुढे २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यामुळे घाटावरचा शेतकरीही मळ्यात खोल्या बांधू लागला.

आता पुढची गोष्ट पाहा. दोन खोल्यांच्या जागी मालक दहा खोल्या बांधायला निघतो. मग शेजारी कुरकुर करतात. मालकाला वाटते, "माझं बरं चाललंय, ते यांना बघवत नाही." शेजाऱ्याला वाटते, "याचा धंदा होतो, आणि त्रास आम्ही काढायचा." दोघे बोलायचे बंद होतात. यात खरे कोणाचे? आपण रागाने नको, हिशेबाने पाहू.

पहिला हिशेब पाण्याचा. हॉटेलात एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरावे, असे भारतीय मानक आहे. खेड्यातल्या नळयोजनेत माणशी ५५ लिटर धरतात. दोन खोल्यांत चार पाहुणे राहिले, तर ७२० लिटर पाणी लागते. दहा खोल्यांत वीस पाहुणे राहिले, तर ३६०० लिटर लागते. एवढ्या पाण्यात गावातल्या ६५ माणसांचा दिवस निघतो. म्हणजे पाच-पाच माणसांची तेरा घरे!

आणि पाहुणे येतात कधी? मे महिन्याच्या सुट्टीत. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्या दगडातून पाणी लवकर निघून जाते. मे महिन्यात पुष्कळ विहिरी तळाला जातात. म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हाच पाहुणे सर्वांत जास्त असतात. मालक म्हणेल, "मी माझ्या जागेत बोअर घेतो." पण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. एकाने जोराने उपसले, तर शेजारच्या विहिरीची पातळी खाली जाऊ शकते. म्हणूनच गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायची तर परवानगी लागते. असा कायदा राज्यात १९९३ साली झाला.

दुसरा हिशेब सांडपाण्याचा. दहा संडास आणि दहा न्हाणीघरे यांचे पाणी कुठे जाणार? शोषखड्डा विहिरीजवळ असला, तर घाण पाणी झिरपून विहिरीत उतरते. पाणी दिसायला स्वच्छ असते, पण त्यातून हगवण, कावीळ, विषमज्वर होतो. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान ६० फूट दूर हवा. जांभ्या दगडाच्या जमिनीत तो आणखी दूर असावा, कारण त्या दगडातून पाणी भराभर वाहते. विहीर उताराला खाली असेल, तर जास्तच जपावे.

तिसरी गोष्ट आवाजाची. शहरचा माणूस शांततेसाठी खेड्यात येतो. मात्र कधी कधी तोच रात्री मोठमोठ्याने गाणी लावतो. शेजारी पहाटे उठून शेतावर किंवा होडीवर जाणारा असतो. घरात आजारी म्हातारी असते, परीक्षेचे मूल असते. २००० सालच्या नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासुदीच्या काही ठरावीक दिवशीच सरकार सूट देते. कोणी ऐकत नसेल, तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवता येते.

चौथी गोष्ट वाटेची. गावची पाणंद बैलगाडीच्या मापाची. तिथे आठ मोटारी उभ्या राहिल्या, तर आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे कसे?

तेव्हा शेजाऱ्याची कुरकुर म्हणजे नुसता मत्सर नव्हे. पण मालकही काही चोर नव्हे. तो कर्ज काढून बांधतो, गावच्या चार हातांना काम देतो. मग करायचे काय?

मालकाने पाया खणण्याआधी शेजाऱ्यांना बोलवावे. पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, गाड्या कुठे लावणार, हे जागेवर उभे राहून दाखवावे. छपराचे पाणी साठवण्यासाठी टाकी बांधावी. न्हाणीचे पाणी माड-केळींना द्यावे. "रात्री १० नंतर गाणी नाहीत" अशी पाटी लावावी आणि ती पाळून घ्यावी. विहिरींना पुरेल इतक्याच खोल्या बांधाव्यात.

शेजाऱ्यानेही पाठीमागे बोलू नये. आधी घरी जाऊन सांगावे, "दादा, बांधा तुम्ही, पण आमच्या विहिरीचं काय ते आधी ठरवू." ऐकले नाही, तर ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा. अर्जात राग लिहू नये, माप लिहावे : विहीर किती फूट दूर आहे, मे महिन्यात पाणी किती हात उरते. अर्जाची पोच घ्यावी. बांधकामाला परवानगी आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. हा कायदा २००५ सालचा आहे. उत्तर साधारण ३० दिवसांत मिळायला हवे. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. तिथे उठून बोलण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे, बायामाणसांनाही. पाणी भरणाऱ्या बायांना विहिरीची खबर सर्वांत जास्त असते. त्यांनी तर बोललेच पाहिजे.

जे ठरेल ते कागदावर लिहावे. दोघांनी सह्या कराव्यात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा सही करण्याआधी कागद स्वतः वाचा.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही, असे आपण म्हणतो. तसेच इमारत उभी राहिल्यावर भांडून उपयोग नाही. बोलायचे ते आधी बोलावे. पाहुणा दोन दिवस राहून जातो. शेजारी जन्मभर राहतो.