दोन हातांवरून

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, आणि तिथे नोकरीला असलेल्या माझ्या थोरल्या काकांच्या घरी एक सोव्हिएत कॅमेरा आला. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियराने तो त्यांना विकला होता. पुढे काका गेले, कॅमेरा गंजला. मागे राहिले ते त्याचे भिंग. मुठीत मावणारे, रुपेरी. कडेवर रशियन लिपीत नाव कोरलेले: 'मीर-१'.

'मीर' हा शब्द आमच्या पिढीला परका नाही. शाळेत असताना विज्ञानाची जी स्वस्त रशियन पुस्तके आम्ही वाचली, त्यांच्या प्रकाशनाचे नाव तेच. शांतता आणि जग, असे त्याचे दोन अर्थ. नावाबरोबर आणखी एक ओळ कोरलेली होती: 'ग्राँ प्री, ब्रसेल्स, १९५८'. ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात मिळवलेले ते पारितोषिक, पैलवानाने गदा मिरवावी तसे हे भिंग आजही मिरवते!

गेल्या साली आमचा वाईचा वाडा पाडायचे ठरले. वाड्यात एकटी आत्या राहत असे, वय ८१. कागदावर सह्या सगळ्यांनी केल्या, तिनेही केली. पण त्या दिवसापासून ती माझ्या वडिलांशी बोलेनाशी झाली. वाडा पडण्यापूर्वी त्याचा एक छोटा चित्रपट करावा, असे मी मनात घेतले.

पहिल्या दिवशी मी दूरचे जवळ आणणारे भिंग लावून चौकाच्या पलीकडून तिचे चित्रण केले. रात्री पाहतो तो काय? आत्या होती, पण वाडा नव्हता. तिच्यामागे नुसता धुरकट रंग. शिवाय कोणी चोरून पाहत आहे असे वाटत होते. खरे सांगायचे तर मी चोरूनच पाहत होतो.

तेव्हा काकांचे भिंग आठवले. त्याचे केंद्रांतर ३७ मिलिमीटर. म्हणजे ते थोडे रुंद पाहते. मूळचे ते स्थिर छायाचित्रांसाठी केलेले. जुन्या कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा लागे, म्हणून भिंग फिल्मपासून सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर दूर बसे. आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर जेमतेम १८-२० मिलिमीटर. उरलेली जागा एका साध्या कड्याने भरली की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर सुखाने नांदते. शिवाय त्याच्या छिद्राचे कडे खटके न घेता फिरते. चित्रण चालू असतानाच उजेड कमीजास्त करता येतो.

त्याच १९५८ साली कान महोत्सवात 'द क्रेन्स आर फ्लाइंग' या सोव्हिएत चित्रपटाला सर्वोच्च मान मिळाला. त्याचे छायालेखक सर्गेई उरुसेव्हस्की. कॅमेरा हातात धरून, रुंद भिंग लावून ते नायिकेच्या अगदी जवळ जात. त्यामुळे चेहरा मोठा दिसतो आणि मागचे जगही पुसले जात नाही. मात्र रुंद भिंगाची एक अट असते: चेहरा मोठा हवा, तर माणसाजवळ जाऊन बसावे लागते.

ती अट मला जड गेली. दुसऱ्या दिवशी माजघरात आत्यासमोर दोन हातांवर पाट घेऊन बसलो. पहिला तास फुकट गेला. जुन्या भिंगांवरचा लेप आजच्यासारखा नसतो. खिडकीचा उजेड समोरून आला की सारे चित्र पांढुरके होते. काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करताना माझी धांदल पाहून आत्याने दोन दिवसांत प्रथमच तोंड उघडले.

"कुणाचं रे ते?"

"काकांचं. भिलाईचं."

"दादाचं?" तिने हात पुढे केला. मी भिंग काढून दिले. तिने ते उलटसुलट पाहिले, आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत पदराने चांगले खसखसून पुसले! कोणत्याही छायालेखकाच्या पोटात गोळा यावा असा तो प्रसंग. पण मी गप्प राहिलो. भिंग पुन्हा चढवले.

मग ती बोलू लागली. कोनाड्यात कोणती पणती असे, दादा कोणत्या खांबाला डोके आपटून रडला होता, माझे वडील कोणत्या पायरीवर बसून पाढे म्हणत. ती बोलत होती, आणि तिच्यामागे तो खांब, ती पायरी, तो कोनाडा, सारे जागच्या जागी दिसत होते. पदराचा ओशटपणा काचेवर राहिला होता. दिव्याभोवती हलकेसे वलय आले. ते मी तसेच ठेवले.

बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काल तिकडून काय टिपत होतास? इथं आला असतास तर कालच बोलले असते."

पावसाळ्याआधी वाडा पडला. चित्रपट चौदा मिनिटांचा झाला. वडिलांनी तो एकदा पाहिला, काही न बोलता पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा संपल्यावर ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "आत्याला फोन लावून दे."