सुकेळी का आंबतात ?

वसई तालुक्यातील अर्नाळा-आगाशी या किनारपट्टीच्या भागात राजेळी केळी सोलून उन्हात वाळविण्याचा व त्यांची सुकेळी करण्याचा धंदा जुना आहे. परंतु वाळवणाच्या दिवसांत आभाळ भरून आले अथवा दव पडले, की माल चिकट होतो, त्यास आंबूस वास येतो आणि शेतकऱ्याचे श्रम व पैसा दोन्ही वाया जातात. यामागील कारण समजून घेतल्यास हे नुकसान पुष्कळ अंशी टाळता येते.

हिरव्या केळ्याच्या गरात पिष्ट भरपूर असते. ग्लुकोज या साखरेचे असंख्य रेणू साखळीप्रमाणे जोडले जाऊन पिष्ट बनते. अशा पदार्थास बहुवारिक म्हणतात. केळे पिकू लागले म्हणजे त्यातील विकरे ही साखळी तोडतात व गर गोड होतो. कापसातील सेल्युलोज हेही ग्लुकोजचेच बहुवारिक होय, फरक जोडणीचा. सूक्ष्म जंतू तेही तोडू शकतात; कोळी बांधवांची सुती जाळी पूर्वी कुजत, ती यामुळेच. 1935 साली तयार झालेल्या नायलॉनची साखळी मात्र जंतूंस सहजी तुटत नाही. म्हणून नायलॉनचे जाळे टिकते आणि त्याचे टाकाऊ तुकडेही किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतात.

पिकलेल्या केळ्यातील साखर हे यीस्टचे खाद्य होय. यीस्ट 180 भाग ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 92 भाग मद्यार्क व 88 भाग कार्बन डाय-ऑक्साइड वायू बनविते. ताडी याच क्रियेने आंबते आणि कारखान्यांत मळीपासून मद्यार्कही याच क्रियेने मिळतो. धान्यापासून मद्यार्क करताना मात्र प्रथम पिष्टाची साखर करावी लागते, कारण ही साखळी सामान्य यीस्टला तोडता येत नाही. मद्यार्कास हवा लागली, की दुसरे जंतू त्याचे आम्ल करतात. आंबूस वास तो हाच.

यीस्टला साखरेइतकेच पाणीही आवश्यक असते. सबब पुढील दक्षता घ्यावी :

1. पूर्ण पिकलेली, परंतु न फुटलेली व न डागाळलेली केळी निवडावीत.
2. सोललेली केळी ढीग करून न ठेवता लगेच विरळ पसरावीत.
3. दिवसातून एकदा तरी ती उलटावीत व सायंकाळी दव पडण्यापूर्वी झाकावीत अथवा घरात घ्यावीत.
4. ओलसर माल बांधू नये.
5. आंबलेली फळे चांगल्या मालात न मिसळता कंपोस्ट खड्ड्यात टाकावीत.

ग्रामसेवकांनी हंगामापूर्वीच ही माहिती घरोघरी पोहोचवावी, कारण वाळवणाचे बरेचसे काम घरातील स्त्रियाच करतात.