उशीला टेकणारा मेंदू काय करतो?

अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारजवळ माधान नावाचं गाव आहे. तिथले गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. जेमतेम नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले! वेदान्तावर लिहिलं, संगीतावर लिहिलं, थेट डार्विनच्या विचारांचाही समाचार घेतला. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. बुद्धी हेच ज्याचे डोळे, तो प्रज्ञाचक्षू.

काहून बाप्पा, पण डोळ्यांविना पुस्तकं वाचली कशी? कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, महाराज ऐकायचे. मग ते सांगायचे आणि दुसरं कुणी लिहून घ्यायचं. त्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचंही मला फार कौतुक वाटतं.

आता जरा डोक्याच्या मागे हात लावा. झोपताना उशीला टेकतो ना, तिथेच आत मेंदूचं दृष्टिकेंद्र असतं. डोळ्यांकडून आलेल्या खबरीतून चित्र तयार होतं ते इथे. मग ज्याला लहानपणापासूनच दिसत नाही, त्याचं हे केंद्र रिकामं पडून राहतं का?

मुळीच नाही! १९९६ साली शास्त्रज्ञांनी अंध माणसांना ब्रेल वाचायला देऊन त्यांचा मेंदू तपासला. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर जास्तीत जास्त सहा उठावदार ठिपक्यांचं. बोट ठिपक्यांवर फिरत होतं आणि मेंदूत कामाला लागलं होतं दृष्टिकेंद्र! पुढे २००३ मध्ये त्याहून नवल दिसलं. ऐकलेले शब्द आठवतानाही जन्मांध माणसांचं हेच केंद्र जागं होत होतं आणि शब्द लक्षात ठेवण्यात ही माणसं डोळसांना मागे टाकत होती.

आपल्या डोळसांच्या मेंदूलाही हे जमतं, बरं का. अमेरिकेत बॉस्टनला काही डोळस माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस घट्ट पट्टी बांधून त्यांना ब्रेल शिकवलं. पाचव्या दिवशी बोटांना काही लागलं, की त्यांचंही दृष्टिकेंद्र काम करू लागलं. फक्त पाच दिवसांत! पट्टी काढली आणि एका दिवसात सगळं पूर्ववत झालं. इतक्या झटपट मेंदूत नवे धागे विणले जात नाहीत, म्हणून शास्त्रज्ञांना वाटतं, की बोटांकडून दृष्टिकेंद्राकडे जाणाऱ्या वाटा आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात आधीपासूनच आहेत.